महाकाय साप ओळखायचे कसे? डोकं आधी पाहा, लांबी शेवटी

भारतात ॲनाकोंडा नाही. जंगलात नाही, नदीत नाही, उजनीच्या फुगवट्यात नाही आणि मुळशी धरणाच्या काठावर तर नाहीच नाही. त्याचं घर दक्षिण अमेरिका आणि तिला खेटून असलेलं त्रिनिदाद बेट. ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतल्या दलदली, संथ ओढे, पावसात पाण्याखाली जाणारी गवताळ मैदानं ही त्याची जागा. तरीही पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर कुठल्या तरी घाटाचं नाव चिकटवलेला ‘वीस फुटी ॲनाकोंडा’ फिरू लागतो. व्हिडिओतला साप बहुतेक वेळा दुसऱ्याच खंडातला असतो. तो खरोखरच आपल्या जिल्ह्यातला असेल, तर तो आपला भारतीय अजगर असतो.

ओळख चुकली की दोन्हीकडून नुकसान होतं, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. निरुपद्रवी अजगर राक्षस समजून मारला जातो. आणि उलट बाजूला, अजगराचं पिल्लू समजून कुणी घोणस हातात घेतं. पुणे परिसरात ही दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे, तिच्याकडे शेवटी सविस्तर येऊ. आधी जगातले विळखा घालणारे मोठे साप एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे ते पाहू.

दोन घराणी

महाकाय साप म्हणून ज्यांची नावं येतात ते सगळे बिनविषारी आहेत आणि भक्ष्याला विळखा घालून मारतात. पण ते एकाच कुळातले नाहीत. एक कुळ अजगरांचं, म्हणजे पायथनांचं. ते आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात आढळतं. दुसरं कुळ बोआंचं. ॲनाकोंडा हा बोआच. त्याचे मोठे सदस्य अमेरिका खंडांत राहतात.

फरक फक्त पत्त्याचा नाही. अजगर अंडी घालतात. ॲनाकोंडा आणि त्याचे जवळचे भाऊबंद थेट पिल्लांना जन्म देतात. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून आठवडेच्या आठवडे बसून राहते. भारतीय आणि बर्मी अजगराच्या माद्या तर थंडावा वाढला की शरीराचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात आणि अंडी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश उबदार ठेवतात. सापाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही असं आपण शाळेत शिकलो, त्याला हा सणसणीत अपवाद आहे. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात आशियातून नेलेल्या एका मादीवर हे मोजून दाखवलं गेलं, त्याआधी या गोष्टीवर विद्वान मंडळी विश्वास ठेवायला तयार नव्हती.

ओठांकडे पाहिलं तरी घराणं कळतं. बहुतेक अजगरांच्या ओठांवरच्या काही खवल्यांत खोलगट खाचा दिसतात. उंदरासारख्या उबदार प्राण्याची उष्णता अंधारात टिपण्याचं ते साधन. ॲनाकोंडाच्या ओठांवर अशा खाचा दिसत नाहीत. म्हणजे तोंडाचा एक स्पष्ट फोटो मिळाला, तर साप अमेरिकेतला की आशियातला हा वाद पुष्कळदा तिथेच मिटतो.

‘सर्वांत मोठा’ म्हणजे नेमकं काय?

सर्वांत लांब साप कोणता आणि सर्वांत वजनदार कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरंही वेगळी आहेत आणि बहुतेक भांडणं हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतात.

लांबीत पहिला क्रमांक जाळीदार अजगराचा. हा आग्नेय आशियातला: इंडोनेशिया, फिलिपिन्स, मलेशिया, थायलंड. भारतात तो फक्त निकोबार बेटांवर आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत पाळलेली ‘मेड्युसा’ नावाची मादी २०११ साली मोजली तेव्हा ७.६७ मीटर भरली, म्हणजे पंचवीस फुटांहून थोडी जास्त. बंदिवासातला सर्वांत लांब साप म्हणून तिची गिनेसमध्ये नोंद आहे. वजन होतं १५८.८ किलो. मात्र हे वजन माणसाच्या हातून नेमाने खाल्लेल्या सापाचं आहे. रानात स्वतः शिकार करणारा तेवढ्याच लांबीचा साप इतका भरलेला सहसा नसतो.

वजनात हिरवा ॲनाकोंडा. समान लांबीचा जाळीदार अजगर शेजारी ठेवला तर ॲनाकोंडा कितीतरी जाड आणि जड असतो. तो आयुष्याचा मोठा भाग पाण्यात घालवतो आणि एवढं वजन जमिनीवरून ओढत नेण्याची वेळ त्याच्यावर कमी येते. पण किती मोठा? चित्रपटांतला चाळीस फुटी प्राणी बाजूला ठेवू. हेसुस रिवास या संशोधकाने व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानांत अनेक वर्षं शेकडो ॲनाकोंडा पकडून, मोजून सोडून दिले. त्यांतली सर्वांत मोठी मादी पाच मीटरच्या किंचित वर होती आणि वजन सुमारे ९७ किलो. शेकडो सापांमधली सर्वांत लांब ती सतरा फूट! हा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण कुणाच्या आठवणीतला एक राक्षस नव्हे, तर एक सबंध वस्ती मोजून तो मिळाला आहे. सहा मीटरपलीकडचे ॲनाकोंडा नसतातच असं यावरून म्हणता येत नाही, पण ते किती दुर्मीळ असावेत याचा अंदाज येतो.

मोठी असते ती मादी, हेही इथे सांगायला हवं. हिरव्या ॲनाकोंडाची मादी नराच्या सरासरी पाचपट जड भरते. वीण लागण्याच्या काळात एका मादीभोवती डझनभर नर गुंडाळलेले आढळतात आणि हा गुंता कधी कधी तीन-चार आठवडे सुटत नाही. अशा गुंत्याचा फोटो ‘अनेक तोंडांचा नाग’ म्हणून कुणी पाठवला, तर आता कारण माहीत आहे.

लांबी फुगते कशी, याला चार-पाच ठरावीक वाटा आहेत. पहिली वाट कातडीची. मेलेल्या सापाचं कातडं सोलून ताणलं की ते सहज वीस-तीस टक्के लांबतं, आणि ताणणाऱ्याच्या मनात खोट नसली तरी लांबतं. जुन्या शिकारकथांतले पुष्कळ विक्रम कातड्यावरून मोजलेले आहेत. दुसरी वाट कॅमेऱ्याची: साप पुढे, माणसं मागे चार पावलांवर, की बारा फुटांचे वीस फूट होतात. तिसरी वाट वेटोळ्याची. गुंडाळलेल्या सापाची लांबी नजरेने सांगणं अनुभवी माणसालाही जमत नाही. शिवाय जिवंत मोठा साप सरळ होतच नाही, कारण त्याचे स्नायू तो आखडूनच धरतो. म्हणून संशोधक पाठीच्या मधोमध दोरी धरून, वळणं घेत घेत मोजतात, आणि एकदा मोजून थांबत नाहीत.

आणि शेवटी पैसा. २००३ च्या अखेरीस जावातल्या एका उद्यानाने १४.८५ मीटर लांबीचा, ४४७ किलोचा जाळीदार अजगर पकडल्याचं जाहीर केलं. जगभर बातम्या झाल्या, तिकिटं खपली. लंडनच्या एका वृत्तपत्राचा प्रतिनिधी टेप घेऊन पोहोचला, तेव्हा साप साडेसहा ते सात मीटरच्या दरम्यान निघाला. तसाच मोठा साप, पण दाव्याच्या निम्मा. अमेरिकेत इलिनॉयमध्ये ‘बेबी’ नावाची बर्मी अजगराची मादी सत्तावीस फुटी म्हणून प्रसिद्ध होती. ती मेल्यावर नीट मोजली तर ५.७४ मीटर, म्हणजे एकोणीस फुटांहूनही कमी. तिचं १८२.८ किलो वजन मात्र खरं होतं. जिवंतपणी तिला सरळ करून मोजणं कुणाला जमलं नसेल हे समजू शकतं, पण आठ फुटांचा फरक थोडाथोडका नव्हे.

न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्र संस्थेने तीस फुटांहून लांब जिवंत साप आणून देणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं. या कल्पनेमागे अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट होते. रक्कम एक हजार डॉलरपासून वाढत पन्नास हजारांवर गेली. सगळं विसावं शतक उलटलं, जगभरातून दावे आले, साप आला नाही. २००२ मध्ये बक्षीस मागे घेतलं गेलं. पुढच्या वेळी ‘पस्तीस फुटी’ असा मजकूर दिसला की हे बक्षीस आठवावं.

एक गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सापाची ठेवण तशीच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होतं. त्यामुळे दहा फुटी आणि वीस फुटी अजगर ही एकाच प्राण्याची लहान-मोठी रूपं वाटली, तरी ताकदीच्या दृष्टीने ते फार वेगळे प्राणी असतात. दावा ऐकताना लांबीसोबत वजन विचारा. तीस फूट आणि पन्नास किलो असं कुणी सांगत असेल, तर त्यातला एक आकडा तरी चुकलेला आहे.

चेहरेपट्टी

आता एकेकाची ओळख. आकार पूर्ण विसरा; पिल्लू आणि आजोबा यांची नक्षी साधारण सारखीच असते.

जाळीदार अजगराचं डोकं पिवळसर तपकिरी आणि जवळजवळ कोरं असतं. मधोमध नाकाडापासून मानेपर्यंत एक बारीक काळी रेघ जाते. डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडे दुसरी रेघ. डोळे नारिंगी. अंगावर काळ्या, पिवळ्या, राखाडी चौकटींचं जाळं, कडेला पांढरे ठिपके. शरीर लांबीच्या मानाने सडपातळ.

हिरवा ॲनाकोंडा शेवाळी हिरवा, पाठीवर काळे गोल डाग, कुशीला मध्ये पिवळे असलेले लहान डाग. डोळ्यामागे नारिंगी-पिवळा पट्टा. त्याची खरी खूण मात्र डोळ्यांची आणि नाकपुड्यांची जागा: दोन्ही डोक्याच्या वरच्या बाजूला सरकलेले असतात, म्हणजे अख्खं अंग पाण्याखाली ठेवून तो बघू आणि श्वास घेऊ शकतो. २०२४ मध्ये काही संशोधकांनी जनुकांच्या फरकावरून उत्तरेकडचा हिरवा ॲनाकोंडा ही निराळी जात असल्याचं मांडलं. दोन्हींतला जनुकीय फरक सुमारे ५.५ टक्के आहे असं त्यांचं म्हणणं. नावाच्या मुद्द्यावर इतर तज्ज्ञांनी हरकती घेतल्या आहेत. नुसत्या डोळ्यांनी पाहून या दोघांना वेगळं काढता येत नाही, त्यामुळे आपल्यापुरता तो हिरवा ॲनाकोंडाच.

आफ्रिकी अजगराचं अंग गर्द तपकिरी डागांचं, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण आणि डोळ्याखाली गडद त्रिकोण. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतले झुडपी अजगर लांबीला पाच मीटरच्या घरात जातात, पण अंगाने इतके बारीक की ‘महाकाय’ म्हणताना जीभ अडखळते. उन्हात त्यांच्या खवल्यांवर जांभळी झाक दिसते. आणि बोआ कन्स्ट्रिक्टर, ज्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे, तो मुळात या यादीतला नव्हेच. दोन-तीन मीटरचा मध्यम साप. त्याच्या नावावर साडेअठरा फुटांचा एक विक्रम त्रिनिदादमधून नोंदला गेला होता आणि पुस्तकांतून वर्षानुवर्षं फिरत राहिला. पुढे तो साप ॲनाकोंडा होता असं पुढे आलं. ओळख चुकवणारे फक्त आपल्या व्हॉट्सॲपवर आहेत असं नाही.

भारतीय आणि बर्मी अजगरांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि तो समजण्यासारखा आहे, कारण २००९ पर्यंत शास्त्रज्ञही त्यांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानत होते. बर्मी अजगर गडद. त्याचे तपकिरी डाग जवळजवळ चौकोनी, काळ्या कडांचे. डोक्यावरची बाणाची खूण नाकाडापर्यंत ठसठशीत. भारतीय अजगर फिकट, वाळलेल्या पानांच्या रंगाचा. बाण पुढे जाता जाता पुसट होतो आणि डोक्यावर पुष्कळदा गुलाबी छटा असते. खात्री करायची तर डोळ्याच्या खाली बघा. भारतीय अजगराच्या वरच्या ओठाचा खवला थेट डोळ्याला टेकतो. बर्मी अजगरात ओठ आणि डोळा यांच्यामध्ये बारीक खवल्यांची एक ओळ आडवी येते. बर्मी अजगर आपल्या ईशान्येकडे आणि हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत सापडतो. महाराष्ट्रातला रानटी अजगर म्हणजे भारतीय अजगर.

आकाराने भारतीय अजगर या मंडळींत धाकटा. नेहमी दिसणारे तीन मीटरच्या आसपासचे. साडेचार मीटरचा म्हणजे फार मोठा. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात हे अजगर बिळांच्या तोंडाशी ऊन खात पडलेले दिसतात, आणि ती बिळं साळिंदरांची असतात. दोघं एकाच बिळात राहतात हे तिथे अभ्यासलं गेलं आहे. इकडे सह्याद्रीच्या पायथ्याला मुळशी, मावळ, भोर या भागांत खडकांच्या कपारी, ओढ्याकाठची झाडी, भातखाचरांच्या कडा इथे त्याची गाठ पडते. जिवंत अजगर सुरक्षितपणे, सावकाश न्याहाळायचा तर कात्रजला जावं. १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने तिथे सर्पोद्यान सुरू झालं, आणि साप दिसला की काठी शोधणाऱ्या या शहराला ‘सर्पमित्र’ या शब्दाची सवय लावण्यात त्याचा मोठा वाटा आहे. तिथल्या काचेपुढे मुलांना घेऊन गेलात तर डोक्यावरचा बाण आणि ओठांवरच्या खाचा त्यांना दाखवा. एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही.

विळख्यात काय होतं

अजगर हाडं मोडतो, हा समज चुकीचा. तो श्वास कोंडून मारतो, हा समज अर्धवट. २०१५ साली अमेरिकेत स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणारी उपकरणं बसवली आणि बोआला विळखा घालू दिला. काही सेकंदांतच उंदराच्या धमन्यांतला रक्तदाब कोसळला. म्हणजे रक्ताभिसरणच थांबतं. मेंदूला आणि हृदयाला रक्त मिळत नाही आणि प्राणी गुदमरून मरण्याच्या कितीतरी आधी बेशुद्ध होतो. त्याआधीच्या एका प्रयोगात याच गटाला दिसलं होतं की बोआ भक्ष्याच्या हृदयाचे ठोके शरीराने टिपत राहतो आणि त्यावरून दाब किती वेळ ठेवायचा ते ठरवतो.

गिळताना जबडा निखळतो हेही खरं नाही. खालच्या जबड्याचे दोन अर्धे पुढच्या बाजूला हाडाने जोडलेलेच नसतात. मध्ये ताणली जाणारी कातडी असते, त्यामुळे ते एकमेकांपासून लांब सरकतात.

नंतरचा भाग मला सर्वांत थक्क करतो. मोठं भक्ष्य गिळलेल्या बर्मी अजगराच्या शरीरातली चयापचयाची गती चाळीसपटीपर्यंत वाढल्याचं मोजलं गेलं आहे. त्याचं हृदयच दोन दिवसांत सुमारे ४० टक्के मोठं होतं आणि पचन संपलं की पुन्हा लहान होतं. या अवस्थेत अजगर पळू शकत नाही. बाहेरून तो ‘सुस्त’ दिसतो, आत मात्र प्रचंड काम चाललेलं असतं. लोकांनी गर्दी केली, काठीने डिवचलं, शेपूट ओढली, की तो जीव वाचवायला गिळलेलं बाहेर टाकतो. अनेक आठवड्यांची कमाई त्यात जाते. शेळी गिळलेला अजगर सापडल्यावर त्याच्याभोवती जमणारा घोळका पाहिला की मला म्हणूनच वाईट वाटतं.

माणसाला धोका किती?

जाळीदार अजगर माणसाला मारू शकतो आणि गिळूही शकतो. याबद्दल आता वाद नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर २०१७ मध्ये एका पंचवीस वर्षांच्या शेतकऱ्याचा मृतदेह सुमारे सात मीटरच्या अजगराच्या पोटात सापडला. पुढच्याच वर्षी त्या भागातल्या मुना बेटावर एक महिला अशीच गेली. फिलिपिन्समधल्या आग्ता या जंगलवासी समाजाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विचारलेल्या ५८ पुरुषांपैकी १५ जणांवर, म्हणजे चौघांत एकावर, आयुष्यात कधी ना कधी अजगराने हल्ला केला होता. हे शिकारी लोक, दाट जंगलात राहणारे, बांध्याने लहान; त्यांचं आणि अजगराचं भक्ष्यही तेच. तो आकडा त्या जगण्याचा आहे, पानशेतच्या सहलीचा नव्हे.

भारतीय अजगर मोठ्या माणसाला भक्ष्य समजत नाही. डिवचला तर जोरात चावतो, दात मागे वळलेले असल्याने जखम खोल होते, पण विष नाही. कोंबड्या, कुत्र्याची पिल्लं, करडं तो नेतो, हे खरं आहे, आणि ज्याचं करडू गेलं त्याचा राग समजून घ्यायलाच हवा.

उलट धोका अजगराकडूनच नव्हे, अजगर नको तिथे नेऊन सोडण्यातून निर्माण होतो, हे फ्लोरिडाने दाखवलं. घरी पाळायला आणलेले बर्मी अजगर झेपेनासे झाल्यावर लोकांनी सोडून दिले, १९९२ च्या अँड्र्यू वादळात एक प्रजनन केंद्रही उद्ध्वस्त झालं, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची वस्ती वाढत गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अजगर सर्वांत जुने असलेल्या भागात रॅकून आणि ओपोसम हे तिथले सस्तन प्राणी अनुक्रमे ९९.३ आणि ९८.९ टक्क्यांनी कमी दिसले. त्याच वर्षी अमेरिकेने बर्मी अजगराच्या आयातीवर बंदी घातली. गवतात पाच फुटांवरचा अजगर दिसत नाही ही तिथली मोठी अडचण. २०१७ मध्ये त्यासाठी तामिळनाडूतल्या इरुळा समाजाचे दोन जाणकार बोलावले गेले, आणि माग काढून साप शोधण्याच्या पिढीजात कौशल्यावर त्यांनी पहिल्या काही आठवड्यांतच दोन डझनांहून जास्त अजगर पकडले. एक युक्ती तिथल्या संशोधकांचीही: नराच्या शरीरात ट्रान्समीटर बसवून त्याला सोडायचं, विणीच्या काळात तो मादीपर्यंत नेतो. अशाच एका नराच्या मागावर २०२१ मध्ये ९८ किलोची, जवळजवळ अठरा फुटी मादी सापडली. तिच्या पोटात वाढत असलेली १२२ अंडी आणि आतड्यात हरणाचे खूर होते.

ज्यांना राक्षसच हवेत त्यांनी जमिनीखाली बघावं. कोलंबियातल्या सेरेहॉन कोळसा खाणीतला टायटनोबोआ, २००९ मध्ये वर्णन केलेला, सुमारे १३ मीटर लांब आणि टनभर वजनाचा असावा. काळ साधारण ५.८ ते ६ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि आपल्या शेजारच्या कच्छमधल्या पानंध्रो इथल्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या २७ मणक्यांवरून रुरकी आयआयटीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘वासुकी इंडिकस’ जगापुढे मांडला. वय सुमारे ४.७ कोटी वर्षं. लांबीचा अंदाज १०.९ ते १५.२ मीटर. तो अजगर नव्हता आणि ॲनाकोंडाही नव्हता. नामशेष झालेल्या तिसऱ्याच कुळातला होता. अंदाजातली ही चार मीटरांची मोकळीक बघा. मणक्यावरून लांबी काढणाऱ्यांनी एकच आकडा ठोकून दिला नाही, दोन टोकं सांगितली.

आता पुण्यातलं: अजगर की घोणस?

भारतीय अजगराची अंडी उन्हाळ्यात असतात आणि पिल्लं साधारण पावसाळ्याच्या तोंडाला बाहेर येतात. घोणस थेट पिल्लं घालते, तीही याच सुमारास. म्हणजे जून-जुलैमध्ये टेकडीला लागून असलेल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बांधकामाच्या विटांच्या ढिगात, शेतातल्या पेंढ्यात दीड-दोन फुटांचा जाडसर, डागांचा साप दिसतो, तेव्हा तो दोघांपैकी कुणीही असू शकतो. एक निरुपद्रवी. दुसरा भारतातल्या सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या चार विषारी सापांपैकी.

घोणशीच्या पाठीवर डागांच्या तीन लांब ओळी असतात. डाग गोल किंवा लंबगोल, रेखीव, काळ्या कडेचे. मधली ओळ पुष्कळदा साखळीसारखी जोडलेली दिसते. अजगराचे डाग वेडेवाकडे, लहान-मोठे, एकमेकांत घुसलेले. घोणशीचे खवले खरखरीत, प्रत्येकावर मधोमध उंचवटा, त्यामुळे अंग मळकट निस्तेज दिसतं. अजगर गुळगुळीत आणि चकचकीत. घोणशीचं डोकं स्पष्ट त्रिकोणी आणि बारीक खवल्यांनी भरलेलं; अजगराचं नाकाड लांबट, ओठांवर खाचा. आणि आवाज: चिडलेली घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सतत काढत राहते.

यात आणखी दोघांची भर पडते. डुरक्या घोणस नावात घोणस असूनही बिनविषारी; आखूड, जाड, डागांची, खरखरीत, शेपूट एकदम बारीक होत संपणारी. आणि मांडूळ, एकरंगी तपकिरी, शेपूट बोथट. मांडुळाला दोन तोंडं नसतात आणि त्याच्याने गुप्तधन मिळत नाही. या खुळापायी तस्करीत कितीतरी मांडुळं मरतात.

एवढं वाचून अंगणात उतरून खवले तपासायला जाऊ नका. माझा स्वतःचा नियम सरळ आहे: चार-पाच फुटांपेक्षा कमी लांबीचा कुठलाही जाड, डागांचा साप खात्री होईपर्यंत घोणस समजायचा. त्याच्यापासून लांब उभं राहायचं, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्यायचं, साप कुठे जातोय यावर नजर ठेवायची आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. चावला असेल तर दोरी आवळणं, जखम कापणं, रक्त चोखणं यातलं काहीही नको. हात-पाय हलू न देता सरळ मोठ्या रुग्णालयात न्यायचं. घोणशीवरचं प्रतिविष वेगळं शोधावं लागत नाही, चारही प्रमुख विषारी सापांवर एकच औषध चालतं. म्हणून साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही.

मोठा अजगर दिसला तर काम आणखी सोपं आहे, कारण तो तुमच्याकडे येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. मारणं, पकडून ठेवणं, गळ्यात घालून फोटो काढणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. लांबून फोटो काढायचा असेल तर तीन गोष्टी येतील असा काढा: डोकं वरून, पाठीची नक्षी मधोमध आणि शेजारी एखादी ठरावीक मापाची वस्तू, उदाहरणार्थ वीट किंवा फरशी, सापाच्याच अंतरावर. एवढं असलं की जाणकार माणूस घरबसल्या जात सांगू शकतो, आणि लांबीही बऱ्यापैकी.